उतरता स्वर

पल्स ऑक्सिमीटर हे यंत्र कोविडच्या काळात घरोघरी पोचले, पण त्याचा आवाज घरोघरी पोचला नाही. बोटाला चिमट्यासारखे लावायचे ते छोटे यंत्र बहुधा मुकेच असते. शस्त्रक्रियागृहातले त्याचे थोरले भावंड मात्र नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक बारीक स्वर काढते, आणि रक्तातला ऑक्सिजन जसजसा घटतो तसतसा तो स्वर खाली उतरत जातो. त्यामुळे भूल देणाऱ्याला पडद्याकडे सतत बघत बसावे लागत नाही. हात सिरिंजवर, डोळे रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि कान त्या स्वराकडे, अशी आमच्या इंद्रियांची वाटणी वर्षानुवर्षांच्या सवयीने झालेली असते. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये या यंत्रामागची कल्पना मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, मोफत दवाखान्यांत राबता राबता आतून विझत गेलेल्या माणसांविषयी लिहिताना ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझ्या बाबतीत मात्र पहिलीचा आवाज ऐकता ऐकताच मी दुसरीत जाऊन पडले, आणि तिथून बाहेर यायला मला दोन वर्षे एका मानसतज्ज्ञ बाईंची मदत घ्यावी लागली.

मी उत्तर रत्नागिरीत गेली बावीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडच्या छोट्या रुग्णालयांना स्वतःचा भूलतज्ज्ञ ठेवणे परवडत नाही, म्हणून एकच माणूस चार-पाच ठिकाणी फिरतो. दापोलीहून खेड सुमारे २८ किलोमीटर, मंडणगड त्याहून लांब. रात्री दोनला फोन वाजला की गाडी काढायची आणि पावसात वळणे मोजत निघायचे. डिकीत एक मोठी बॅग असते. तिच्यात श्वासनलिकेत घालायच्या नळ्या, घशात पाहायचा लॅरिंगोस्कोप, त्याच्या जादा बॅटऱ्या, औषधांचा डबा, आणि बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये स्नायू सैल करणाऱ्या स्कोलीनच्या व्हायल, कारण हे औषध गार ठेवावे लागते. गावात मला नावाने ओळखणारे थोडेच आहेत. ‘भूलवाल्या मॅडम’ म्हटले की मात्र रिक्षावालाही घर दाखवतो. (आमच्या विषयाचे नाव आणि चुकीचे नाव मराठीत एकच आहे. हिशेबाच्या वहीत ‘भूलचूक देणेघेणे’ लिहून मोकळे होता येते, आमच्या वहीत ती सोय नाही.)

गोष्ट जुलैतली आहे. वर्ष आणि ठिकाण सांगत नाही, कारण ती रुग्ण बाई आज सुखरूप आहे आणि तिची गोष्ट सांगण्याचा अधिकार तिचा आहे, माझा फक्त माझ्या बाजूची सांगण्याचा. पहिलटकरीण होती, रक्तदाब वाढलेला होता आणि घरी एक झटका येऊन गेला होता. रक्तातल्या प्लेटलेट इतक्या उतरल्या होत्या की पाठीतून भूल देणे धोक्याचे झाले असते. मोठ्या रुग्णालयात पाठवावी, तर घाटात दरड येऊन रस्ता बंद झाला होता. म्हणजे पूर्ण भूल देणे आले, आणि तीही अशा बाईला, जिच्या घशात सूज असणार हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होते. गरोदर बाईच्या फुप्फुसांत ऑक्सिजनचा साठा कमी असतो आणि खर्च जास्त, त्यामुळे श्वास थांबला की तिचा स्वर इतरांपेक्षा फार लवकर उतरतो. मी तीन मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला, औषधे दिली, स्कोलीन दिले. तिचा श्वास थांबला आणि वीज गेली.

मॉनिटर बॅटरीवर चालत राहिला. लॅरिंगोस्कोपला स्वतःचा दिवा असतो, पण त्या एवढ्याशा उजेडात मला गुलाबी सूज सोडून काहीही दिसले नाही. नळी जाईना, मास्कने हवाही जाईना. स्वर उतरू लागला. मावशींनी कुणीही न सांगता आपला मोबाईल काढून माझ्या खांद्यावरून उजेड धरला. मी नळीचा नाद सोडला आणि घशात आंधळेपणाने बसवता येतो तो मास्क, ज्याला आम्ही एलएमए म्हणतो, तो बसवला. छाती हलली. कुठेतरी जनरेटर धडधडला, दिवे आले, सरांनी बाळ काढले आणि ते रडले. आई दोन आठवड्यांनी घरी गेली. गणपतीत त्यांच्या घरून माझ्याकडे दोन चिबूड आले.

काहीच झाले नव्हते, आणि पुढची सगळी अडचण इथेच होती. रुग्ण दगावली असती तर चौकशी झाली असती, कुणी दोष दिला असता, कुणी बाजू घेतली असती, निदान मला रडायला एक कारण मिळाले असते. इथे सगळे म्हणत होते, ‘मॅडम, तुम्ही होतात म्हणून.’ हे वाक्य कौतुकाचे आहे हे कळत असूनही, ते ऐकले की माझ्या पोटात गोळा येई. कारण त्याचा दुसरा अर्थ असा की पुढच्या वेळीही मीच असणार.

ऑगस्टपासून तो स्वर मला भलत्या ठिकाणी ऐकू येऊ लागला. कुकरची वाफ शेवटी शेवटी दबत जाते तेव्हा, किंवा घाट चढणारी एसटी गिअर बदलते आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो तेव्हा. मग तपासणी सुरू झाली. निघण्यापूर्वी बॅग एकदा तपासायची, हा आमच्या कामाचा भागच आहे. मी ती दोनदा तपासू लागले, मग चारदा. मग नाक्यापर्यंत जाऊन गाडी बाजूला घेऊन डिकी उघडू लागले. एका रात्री अर्ध्या वाटेवरून घरी परतले, बॅटऱ्यांची जादा जोडी टेबलावर राहिली की काय म्हणून. ती बॅगेतच होती. त्या फेरीत माझी वीस मिनिटे गेली आणि तिकडे शस्त्रक्रिया खोळंबली होती. म्हणजे कुणाला धोका होऊ नये म्हणून मी जे करत होते, त्यानेच आता धोका व्हायची वेळ आली होती. गणपतीच्या आरतीतून मी दोनदा उठून गाडीकडे गेले, तेव्हा सासूबाई यजमानांना हळूच म्हणाल्या, ‘हिचं काहीतरी बिनसलंय.’ घरात पहिल्यांदा हे ओळखले त्यांनी. मी, रुग्णाच्या कपाळावरच्या घामावरून रक्तदाब ओळखणारी, स्वतःला मात्र ‘पाऊस फार आहे, झोप कमी पडतेय’ एवढेच सांगत होते.

शेवटी मी फोन केला तो ज्या कारणाने, ते लिहावे की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. आमच्या विषयातल्या माणसांच्या हाताशी झोप आणणारी औषधे असतात. एका पहाटे चार वाजता माझ्या मनात आले की त्यातले थोडेसे घरी आणायला काय हरकत आहे, फक्त झोपेपुरते. त्या ‘फक्त’पाशी मी दचकले. असे ‘फक्त’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांचे पुढे काय होते हे शिकाऊ असल्यापासून आम्हाला माहीत असते.

आता वाटते, मी इतके दिवस का थांबले? एक कारण उघड आहे. आमच्या जिल्ह्यात सरकारी मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. आणि त्यामुळे कुणाच्या डोक्याविषयी शंका घ्यायची झाली की थट्टेत रत्नागिरीचे नाव निघते. उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने दिला आहे, पण तालुक्याच्या गावात कोण कुणाच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढले हे कलमांना विचारून कळत नाही. दुसरे कारण मात्र माझ्या पेशात रुजलेले होते, आणि ते मला माझ्याच रुग्णांमुळे ठाऊक होते. ज्यांच्या हाताखाली माणसे असतात ती माणसे भुलीला सर्वांत जास्त घाबरतात, असा माझा अनुभव आहे. हर्णैचे एक तांडेल हर्नियाच्या शस्त्रक्रियेला आले होते. वादळात आठ-दहा खलाशांसह बोट परत आणणारा माणूस टेबलावर माझा हात धरून म्हणाला, ‘पुरती भूल नको, मला कळत राहिलं पाहिजे.’ असेच एक मुख्याध्यापक, असेच एक निवृत्त पोलीस अधिकारी. वेदनेची भीती त्यांना नसते. आपण नसताना काय होईल, ही असते. तांडेलांना मी पाठीतून भूल दिली आणि ते तासभर छताकडे पाहत जागे राहिले. मला स्वतःलाही तसलीच थेरपी हवी होती, कमरेखालची.

पहिला प्रयत्न म्हणूनच फसला. ओळखीतल्या एका समुपदेशकांकडे मी तीनदा गेले. पहिल्या भेटीत त्यांचे शिक्षण विचारून घेतले, दुसऱ्या भेटीत ते थकलेले दिसले म्हणून त्यांचीच विचारपूस केली आणि तिसऱ्या भेटीत, ‘तुमच्यामुळे बरंच बरं वाटलं’ असे सांगून त्यांना धीर देऊन आले. दोष त्यांचा नव्हता. समोरच्याला सांभाळून घेणे हेच ज्याचे काम आहे तो माणूस उपचाराच्या खोलीतही तेच करतो, आणि हे ओळखून त्याला अडवणारा कुणी तिथे असावा लागतो.

अशा बाई मला पुण्यात मिळाल्या. वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांच्याच सांगण्यावरून मी एका मनोविकारतज्ज्ञांनाही भेटले आणि सात महिने गोळ्या घेतल्या. त्याने झोप परत आली, आणि झोप परत आल्याखेरीज बाकीचे काही जमले नसते. बाईंशी भेट व्हायची ती व्हिडिओ कॉलवर, दर गुरुवारी दुपारी तीनला. घरात खासगी बोलण्यासारखी जागा नव्हती आणि जिथे होती तिथे रेंज नव्हती. त्यामुळे मी गाडी घेऊन गावावरच्या सड्यावर जायची. जांभ्याचे ते उघडे पठार, चहूकडून वारा, मोबाईलवर चार दांड्या. पावसाळ्यात टपावर सरी आपटायला लागल्या की आम्ही दोघी थांबून राहायचो, कारण ओरडून सांगण्यासारखे त्यात काही नसायचे. गुरे चारणारा एक म्हातारा पहिले तीन गुरुवार काच वाजवून ‘गाडी बंद पडली काय?’ असे विचारून गेला. चौथ्या गुरुवारी त्याने लांबूनच हात केला. माझ्या उपचारांची खबर बाहेरच्या जगात पहिल्यांदा त्यालाच लागली असावी.

पहिल्या दिवशी मी बाईंपुढे स्वतःची केस मांडली. एक्कावन्न वर्षांची स्त्री, तीन महिन्यांपासून निद्रानाश, तपासण्याची सक्ती, भूक ठीक, कौटुंबिक इतिहास नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘दिवे गेल्यावर तिथे उकडत होतं का?’ मी म्हटले, ‘त्याचा काय संबंध?’ त्या काही बोलल्या नाहीत. मग मला आठवले की एसी बंद पडल्याबरोबर गाऊनच्या आत पाठीवरून घामाची एक धार खाली गेली होती आणि ती मला ठार आठवत होती. कुठे सुरू झाली, कुठे कमरेपाशी थांबली, सगळे. त्यानंतर दहा मिनिटे मी काहीही बोलू शकले नाही. पडद्यावर त्या नुसत्या बसून होत्या. घड्याळाकडे त्यांनी पाहिले नाही, हे मी पाहिले, सवयीने.

माझ्या उपचारांतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग सुमारे चौथ्या महिन्यातला आहे. तोपर्यंत मी ती रात्र त्यांना पाच-सहा वेळा सांगितली होती, दर वेळी थोडी अधिक बारकाईने. कानात अडकून राहिला तो कुठला स्वर, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, सर्वांत खालचा, ऑक्सिजन ६२ टक्के असतानाचा. त्यांनी विचारले, ‘तो एलएमए बसण्याआधीचा की नंतरचा?’ मला प्रश्नाचा रागच आला, कारण बाहेरच्या माणसाला हे कसे कळणार, असे वाटले. मग मी त्यांना समजावू लागले की ऑक्सिमीटर बोटाला लावलेला असतो. फुप्फुसांत ऑक्सिजन गेला तरी ते रक्त हृदयातून बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, अशा अवस्थेत अर्धे मिनिटसुद्धा. त्यामुळे श्वास सुरू झाल्यावरही आकडा थोडा वेळ उतरतच राहतो, घाबरून पुन्हा काही करायला जायचे नसते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी... इथे माझे वाक्य थांबले.

छाती हलली तेव्हा पडद्यावर ७५ च्या आसपास होते. ६२ नंतर आले. जो स्वर मी ऑगस्टपासून कुकरमध्ये आणि एसटीत ऐकत होते, तो ती रुग्ण बाई वाचल्यानंतरचा होता. हे मला माहीत नव्हते असे कसे म्हणू? दोन दशके मी हेच शिकवत होते. बाईंनी यावर काहीही भाष्य केले नाही, हे त्यांचे कसब. एखाद्याने ‘बघा, तुमचं मनही तसंच’ असे काहीतरी सुंदर वाक्य टाकले असते आणि मी ते मान डोलावून ऐकून विसरून गेले असते. त्या एवढेच म्हणाल्या, ‘पुढच्या गुरुवारी इथूनच सुरू करू.’

यानंतर सगळे सुरळीत झाले असे अजिबात नाही. तपासण्याची सवय समजुतीने गेली नाही, ती सरावानेच घालवावी लागली. सक्तीच्या विचारांवरची ही पद्धत १९६६ पासूनची आहे. व्हिक्टर मायर यांनी रुग्णांना भीतीच्या समोर उभे करून नेहमीची कृती करू न देण्याचा मार्ग पहिल्यांदा वापरला. बाईंनी मला विचारले की शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची ती प्रसिद्ध यादी, जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची, १९ मुद्द्यांची, ती किती वेळा वाचतात? अर्थातच एकदा, मोठ्याने, सर्वांसमोर. मग माझ्या बॅगेची तपासणीही तशीच व्हायची ठरली. एकदा, मोठ्याने, यजमानांसमोर. डिकी बंद झाली की पुन्हा उघडायची नाही. सुरुवातीला गाडी चालवताना मी अस्वस्थपणाला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. वाकवलीला ८०, फुरूसला ५०, खेडच्या वेशीवर २०. भीती आपोआप ओसरते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि फुरूसच्या वळणावर, हात स्टिअरिंगवर घट्ट धरून, ती ओसरताना पाहणे वेगळे. एकदा हरलेही. भर पावसात गाडी थांबवली, डिकी उघडली, सगळे जागेवर होते, आणि भिजून पुढे गेले. बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग पुढचा कॉल कधी आहे?’

भाषेचीही एक गंमत झाली. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली जी पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजवली, तिच्यात माणसाच्या हट्टाच्या मागण्या शोधायच्या असतात. मला जमले पाहिजे, असे मला वाटणे ठीक, पण ‘जमलेच पाहिजे’ हा हट्ट. इंग्रजीत त्यासाठी ‘मस्ट’ हा अख्खा शब्द हुडकावा लागतो. मराठीत एक ‘च’ पुरतो, आणि तो कुठेही चिकटतो. मला कळलेच पाहिजे, मीच गेले पाहिजे, गेलेच पाहिजे. बाईंनी मला आठवडाभर स्वतःचे ‘च’ मोजायला सांगितले. तिसऱ्या दिवशी मी मोजणे सोडले, कारण वाक्यागणिक निघत होते. त्यातला ‘मीच’ सर्वांत जुना निघाला. तो माझ्या आईच्या तोंडचा, आणि तिच्याकडे तो बहुधा तिच्या सासूकडून आलेला.

एकदा मी त्यांच्याकडे चक्क कौल मागितला. आमच्या बाजूला अवघड निर्णय देवावर सोपवायची रीत आहे. देवाच्या अंगावर कळ्या किंवा पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, आणि मग माणूस मोकळा. दिवसभर दुसऱ्यांच्या जिवाचे निर्णय घेणाऱ्याला या प्रथेचा हेवा वाटावा यात नवल नाही. मी म्हटले, ‘हा व्यवसाय सोडू का ते तुम्हीच सांगा.’ त्यांनी सांगितले नाही. मी चिडले, त्या आठवड्याचे पैसे फुकट गेले असे मनात म्हटले, आणि पुढच्या गुरुवारी वेळेवर सड्यावर हजर झाले.

अलीकडे मोठ्या पदांवरच्या लोकांसाठी खास मानसोपचार, अशा जाहिराती दिसतात. चित्रात काचेची कचेरी आणि टाय लावलेला माणूस असतो. त्याची कामगिरी पुन्हा उंचावून देण्याचे आश्वासन त्याखाली असते. मला त्या वाचून अस्वस्थ वाटते. बर्नआउट हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये नमूद केले, ते बरे झाले. कारण मग कामाच्या ठिकाणाकडे बघावे लागते. माझी थेरपी कितीही उत्तम असती तरी, पाच रुग्णालये आणि तीनशे पासष्ट रात्री एकटीच्या गळ्यात असताना, ती गळक्या घरात भांडी मांडण्यासारखीच ठरली असती. शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुण भूलतज्ज्ञाशी बोलून आम्ही रात्री वाटून घेतल्या. ज्या रात्री त्याच्या, त्या रात्री माझा फोन बंद. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारे छोटे यंत्र, जे बोटापर्यंतच्या प्रवासाची वाट न पाहता श्वासागणिक सांगते, ते मी स्वतःच्या पैशाने घेतले. ते त्या रात्री तिथे असायला हवे होते. हे दोन बदल उपचारांत मोडतात का, असे मी बाईंना विचारले. त्या हसल्या.

अशा प्रसंगांत सापडलेल्या डॉक्टरला ‘दुसरा बळी’ म्हणावे असे अल्बर्ट वू यांनी २००० साली सुचवले. पुढे रुग्णांच्या नातेवाइकांनी या शब्दाला हरकत घेतली, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. बळी म्हटले की डॉक्टरने केलेल्या-न केलेल्याचा हिशेब पुसला जातो. शिवाय हा शब्द क्रमांक लावतो, आणि खोलीतल्या बाकीच्यांना तिसरा, चौथा असा क्रमांकही मिळत नाही. हे मला उशिरा सुचले, तेही बाईंनी विचारल्यावर. त्या म्हणाल्या, त्या रात्री तिथे आणखी कोण कोण होते, आणि त्यांना ती कशी आठवते?

मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये आपापल्या रुग्णांविषयी एकत्र बोलायला सामान्य डॉक्टरांचे गट बसवले होते, त्यांविषयी बाईंनी मला सांगितले, आणि एक इशाराही दिला. घटना घडल्या घडल्या सगळ्यांना बळेच बोलायला बसवण्याचा फायदा दिसलेला नाही, कधीकधी त्याने त्रास वाढतो; तेव्हा ज्याला यायचे त्याने यावे, ज्याला बोलायचे त्याने बोलावे. आमच्या बाबतीत ‘घडल्या घडल्या’चा प्रश्नच नव्हता, सव्वा वर्ष उलटले होते.

एका रविवारी सकाळी आम्ही चौघे शस्त्रक्रियागृहाशेजारच्या कपडे बदलण्याच्या खोलीत बसलो. सर, सिस्टर, मावशी आणि मी. चहा कॅन्टीनमधून आला. सुरुवातीला कुणी काही बोलेना, सर आंब्याच्या मोहोराबद्दल बोलत राहिले. मग सिस्टरने त्या रात्रीच्या नोंदीची झेरॉक्स काढून पुढे ठेवली. दिवे जाणे आणि छाती हलणे यांत तिने तीन मिनिटांहून कमी लिहिले होते. मी आठ धरून चालले होते. सर म्हणाले, ‘मी ब्लेड हातात घेऊन उभा होतो, तुमच्या उजवीकडे. तुम्ही म्हणाला असतात तर गळ्यातून छेद घेतला असता. तुमच्याकडे बघत होतो फक्त.’ मला ते माहीत नव्हते. सव्वा वर्ष मी समजत होते की त्या अंधारात मी एकटी होते, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर हा माणूस ब्लेड धरून माझ्या शब्दाची वाट पाहत होता.

मी मावशींना विचारले की मी किती घाबरले होते.

‘तुमी?’ मावशी म्हणाल्या. ‘तुमी काय घाबरलाव नाय. माज्याकडं बगून बोललाव, मावशी, हात भरला तर दुसऱ्या हातात घ्या.’

मला हे वाक्य अजिबात आठवत नाही. आजही नाही. सिस्टरने मान हलवली, म्हणजे ते तिलाही आठवत होते.

‘आणि तुम्ही?’ सरांनी मावशींना विचारले. इतक्या वर्षांत त्यांनी मावशींना कामाखेरीज काही विचारल्याचे मी ऐकले नव्हते.

‘माजं काय,’ त्या म्हणाल्या, ‘म्हयना दीड म्हयना डोला लागत नव्हता. डोला मिटला का ती बाय निली दिसायची. घरात कोनाला सांगनार? सकालची सात वाजता ड्युटी.’

‘आता लागते का झोप?’

‘आता लागते.’ मावशींनी रिकामे कप एकात एक घातले. ‘पन लाईट गेली का अजून पयला मोबाईल हातात घेते. चार्जिंग बगते. रातचं उटून पन बगते.’ मग त्या उभ्या राहिल्या आणि आमच्या पायांकडे पाहून म्हणाल्या, ‘चला, उटा आता. धाला सिझर हाय, माला लादी पुसायचीय.’